सॅच्युरेशन चांगलं होतं, मग पेशंट बिघडला कसा?

प्रश्न असा आलाय: "ताई, नर्सिंग पूर्ण होऊन आठ महिने झाले. मेडिसिन वॉर्डात आहे. परवा रात्री न्यूमोनियाचे एक पेशंट होते, वय ५८, नाकातल्या नळीने मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन, सॅच्युरेशन ९५. दोनच्या सुमाराला म्हणायला लागले, दम लागतोय. मी सॅच्युरेशन पुन्हा बघितलं, ९५च. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले सॅच्युरेशन चांगलं आहे, लक्ष ठेवा. त्यांना बरं वाटावं म्हणून मी ऑक्सिजन ५ लिटर केला, सॅच्युरेशन ९८ झालं. पहाटे साडेपाचला ते गुंगीत गेले आणि आयसीयूत हलवावं लागलं. माझं काय चुकलं? श्वासाच्या पेशंटकडे नेमकं बघायचं तरी काय?"

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात सॅच्युरेशन, म्हणजे बोटावरच्या चिमट्याने दाखवलेला ऑक्सिजनचा आकडा, चार वेळा आलंय. श्वास मिनिटाला किती होते, ते एकदाही नाही. यात तुला टोचायचा हेतू नाही. निम्म्या वॉर्डांमध्ये हेच चालतं. कोणत्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, उघड आणि श्वासाचा रकाना बघ: २०, २०, १८, २०, २०. तापाचा माणूस, पोट फुगलेला माणूस, शांत झोपलेला माणूस, सगळ्यांचे श्वास वीस. बाकीचे आकडे मशीन देतं, हा एकच आकडा आपल्याला मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजाने भरला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हलतो तो हाच.

मोजायचा कसा, ते सांगते. नाडी बघतेस तसं मनगट धर, बोटं तिथेच ठेव आणि डोळे छातीवर किंवा पोटावर. "तुमचे श्वास मोजते हं" असं म्हटलंस की माणूस श्वास बदलतो, कळत नकळत. घड्याळात पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते, आणि २० की २४ हाच तर आपला प्रश्न असतो. पांघरूण जाड असेल तर बाजूला कर. मोठ्या माणसात विश्रांतीत १२ ते २० ठीक. २१ ते २४ असेल तर सावध व्हायचं. २५ आणि वर असेल तर डॉक्टरांनी येऊन बघायला हवं, मग सॅच्युरेशन काहीही असो.

हे माझ्या मनाचं नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली पेशंट बिघडतोय का ते ओळखायची न्यूज नावाची गुणपद्धत आणली आणि २०१७ साली ती सुधारली. त्यात २५ किंवा जास्त श्वासांना ३ गुण, बाहेरून ऑक्सिजन लागतोय याचे २ आणि सॅच्युरेशन ९४-९५ असेल तर १. समज, तुझ्या पेशंटचे श्वास रात्री दोन वाजता २८ होते. मग तापमान, नाडी, बीपी न बघताच ६ गुण झाले. ५ झाले की तातडीने डॉक्टरांनी तपासायचं, ७ झाले की आपत्कालीन, असा तो नियम. आता पुढची गंमत बघ, खरं तर गंमत नाही. तू ऑक्सिजन ५ लिटर केलास, सॅच्युरेशन ९८ झालं, म्हणजे एक गुण कमी झाला. कागदावर पेशंट सुधारला. आतून तो तितकाच किंवा जास्त दमत होता.

म्हणून डॉक्टरांनी फोनवर दिलेलं उत्तर, तू दिलेल्या माहितीवर, फारसं चुकीचं नव्हतं. त्यांना एकच आकडा मिळाला आणि तो चांगला होता. याकडे शेवटी परत येईन.

सॅच्युरेशनचं मशीन काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते आधी नीट समजून घे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमाराला ज्या तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटर बसवला, तेच तत्त्व आजही आपल्या बोटावरच्या चिमट्यात आहे: दोन रंगांचा प्रकाश बोटातून जातो आणि ठोक्यागणिक बदलणाऱ्या रक्ताचा रंग मोजला जातो. म्हणजे तो रंग मोजतो. हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय ते सांगतो. हिमोग्लोबिन मुळातच ५ आहे की १५, ते त्याला कळत नाही. धुरात अडकलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही त्याला लालच दिसतं, तिथे ९९ वाचून निश्चिंत झालीस तर फसलीस. थंड हात, कमी बीपी, नेलपॉलिश, थरथर, या सगळ्यांत तो चुकतो. गडद त्वचेत खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो. आधी पडद्यावरची लाट बघ. लाट नीट उमटत नसेल तर आकड्याला अर्थ नाही. आणि तो उशिरा बोलतो: श्वास थांबल्यावर बोटावरचा आकडा पडायला अर्धा मिनिट सहज जातो, ऑक्सिजनवरच्या पेशंटमध्ये त्याहून कितीतरी जास्त.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ही की तो कार्बन डायऑक्साइडबद्दल एक अक्षर बोलत नाही. श्वासाची कामं दोन, ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. बाहेरून ऑक्सिजन दिला की पहिलं काम बरंच भागतं. दुसरं काम छातीच्या भात्यालाच करावं लागतं, आणि भाता थकला तरी ऑक्सिजनवरच्या माणसाचं सॅच्युरेशन बराच वेळ छान राहतं. तुझे पेशंट पहाटे गुंगीत गेले ते बहुधा यामुळेच, असा माझा अंदाज. एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी, बघितल्याशिवाय खात्रीने म्हणणार नाही, सेप्सिसमध्येही, म्हणजे संसर्ग अंगभर भिनला तरीही, गुंगी येते.

हा धडा वैद्यकाने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकलाय. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले पेशंट, त्यातले बहुतेक दगावत होते. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं, हा कार्बन डायऑक्साइड साचतोय, यांना श्वास पुरा पडत नाही. एका मुलीला ट्रॅकिओस्टॉमी करून, म्हणजे गळ्यातून थेट श्वासनळीत नळी घालून, त्याने हाताने पिशवी दाबून श्वास दिला आणि ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, पेशंटच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. आधी दहातले जवळजवळ नऊ जात होते, ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानतात. अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घेतली की मला अजून ती मुलं आठवतात, जणू मी तिथे होते.

तर मग बघायचं काय? श्वासाचे कष्ट. दारातून आत येतानाच बघ, चादर नीट करायच्या आधी. माणूस कसा बसलाय? दोन्ही हात गादीवर किंवा गुडघ्यांवर रोवून पुढे झुकलाय का? मानेचे स्नायू दोरीसारखे उठतायत का, नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांच्या मधली आणि गळ्याच्या खळीतली कातडी आत ओढली जातेय का? श्वास घेताना छाती वर आणि पोट आत, असं उलटसुलट होतंय का? ते दिसलं तर छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा थकलाय, थांबू नकोस. मग बोलतं कर. "जेवलात का, कोण आलं होतं भेटायला" असं काहीही विचार. पूर्ण वाक्य एका दमात येतं, की तीन शब्दांनंतर थांबावं लागतं, की नुसती मान हलते? यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही. मी नोट्समध्ये हेच लिहिते: "एका दमात चार शब्द." दोन तासांनी "एका दमात दोन शब्द" लिहावं लागलं तर पुढे काही स्पष्टीकरण लागत नाही.

आवाजाच्या बाबतीत मी एकदा पुरती फसले, ते सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. दम्याचा तरुण पेशंट, छातीत इतकी सुंईसुंई की पलंगाच्या पायथ्याशी ऐकू यायची. दोनदा नेब्युलायझेशन झालं, म्हणजे औषधाची वाफ दिली. तासाभराने गेले तर आवाज बंद. पेशंट शांत, डोळे मिटलेले. मला वाटलं, सुटला बिचारा, झोपू दे. मी टेबलाशी येऊन लिहायला बसले. राउंडवर आलेल्या इनचार्ज सिस्टरनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि एका सेकंदात ओरडल्या. छाती हलतच नव्हती म्हणायची. शिट्टी वाजायला हवा जावी लागते. हवाच जाईनाशी झाली तर शिट्टी कुठून येणार? याला सायलेंट चेस्ट म्हणतात आणि दम्यात ही मरणाच्या दारातली खूण आहे. तो पोरगा वाचला, माझ्यामुळे नाही. तेव्हापासून "आवाज गेला" आणि "बरं वाटतंय" या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या तपासते. तसंच श्वासाच्या आकड्याचं: ३६ वरून १४ वर आला आणि पेशंट बोलतोय, पाणी मागतोय, तर सुधारणा. ३६ वरून १४ वर आला आणि मान टाकतोय, तर तो संपत चाललाय. दम्याच्या जोरदार झटक्यात एबीजीमधला कार्बन डायऑक्साइड "नॉर्मल" आला तरी हीच शंका घे. एवढं धापलेल्या माणसात तो कमीच असायला हवा.

आता ऑक्सिजन. तू २ चा ५ केलास त्याबद्दल. ऑक्सिजन हे औषध आहे. डोस असतो, लक्ष्य असतं, आणि ते लक्ष्य लिहून घ्यायचं असतं. बहुतेक आजारी मोठ्या माणसांसाठी सॅच्युरेशन ९४ ते ९८. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार, आणि कार्बन डायऑक्साइड साचायचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२. तुझे पेशंट ९५ वर होते, म्हणजे लक्ष्यात होते. लक्ष्यात असलेल्या माणसाला दम लागतोय तर ऑक्सिजन वाढवून दम जात नाही, कारण दम ऑक्सिजनच्या कमतरतेचा नाही. मग कशाचा? ताप चढलाय? बीपी पडतंय? लघवी किती झाली? फुफ्फुसात पाणी वाढलं? पायाला सूज, फुफ्फुसात गुठळी? साखर वाढून रक्त आम्लधर्मी झालं? खोल, भराभर आणि न थांबणारे श्वास असतील तर साखर बघच. दुखतंय म्हणून उथळ श्वास घेतायत? दम हा प्रश्न आहे, त्याचं उत्तर शोधायला माणसं बोलवायची. अर्थात सॅच्युरेशन खरोखर पडलं तर आधी ऑक्सिजन वाढव आणि मग फोन कर, परवानगीची वाट बघू नकोस. पण वाढवावा लागला हीच बातमी आहे, ती सांगायलाच हवी. २ लिटरवर ९५ आणि ८ लिटरवर ९५ हे एकच आकडे नव्हेत. चार्टवर सॅच्युरेशनच्या शेजारी लिटर आणि साधन लिहिलं नसेल तर तो आकडा मी अर्धा समजते.

सीओपीडीबद्दल दोन टोकाच्या चुका बघते. एक, भीतीपोटी ऑक्सिजनच न देणं, पेशंट ७८ वर निळा पडलाय आणि नर्स म्हणतेय, "सीओपीडी आहे, जास्त देऊ नका." कार्बन डायऑक्साइडने गुंगी यायला वेळ लागतो, ऑक्सिजन नसण्याने माणूस मिनिटांत जातो. द्यायचा, फक्त मोजून, ८८ ते ९२ पर्यंत. दुसरी चूक, १५ लिटरवर गुंगीत गेलेला सीओपीडीचा पेशंट बघून घाबरून मास्क झटकन काढून टाकणं. साचलेला कार्बन डायऑक्साइड लगेच जात नाही, ऑक्सिजन मात्र झर्रकन आधीपेक्षाही खाली पडतो. पायरीपायरीने उतरायचं, व्हेंच्युरीवर, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांचा ऑक्सिजन देणाऱ्या मास्कवर, आणायचं आणि बायपॅपची, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या मशीनची, तयारी सुरू करायची. सकाळी डोकं जड, हात गरम, नाडी उसळती, पुढे धरलेले पंजे फडफडतायत, उत्तर द्यायला उशीर होतोय, या साचण्याच्या खुणा.

साधनांचं थोडक्यात. नाकातली नळी १ ते ६ लिटर. साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीच नाही, कारण सोडलेला श्वासच मास्कमध्ये साचतो आणि पेशंट तोच परत घेतो. "थोडाच हवाय म्हणून मास्कवर २ लिटर" हे मी अजून बघते आणि अजून चिडते. पिशवीवाला नॉन-रिब्रीदर १० ते १५ लिटर. लावण्याआधी झडप बोटाने दाबून पिशवी पूर्ण फुगव, आणि श्वास घेताना ती एक तृतीयांशापेक्षा जास्त चपटी होत असेल तर लिटर वाढव. व्हेंच्युरीच्या रंगीत तुकड्यावर टक्के आणि लागणारे लिटर छापलेले असतात, ते वाच, रंगावर भरवसा नको, कंपनीगणिक बदलतो. एक गोष्ट शिकवली जाते पण डोक्यात राहत नाही: नळीवर ४ लिटर म्हणजे अमुक टक्के, हे शांत श्वास घेणाऱ्याचं गणित. धापलेला माणूस एका दमात इतकी बाहेरची हवा ओढतो की तोच ४ लिटर त्याच्यात पातळ होतो. म्हणजे ज्याला जास्त गरज आहे त्याला तेच साधन कमी देतं. अशा वेळी व्हेंच्युरी किंवा हाय-फ्लो, म्हणजे खूप जास्त प्रवाह देणारं साधन.

आणि सॅच्युरेशन अचानक पडलं तर नाकापासून भिंतीपर्यंत हात फिरव. नळी नाकात आहे की गालावर? पलंगाच्या कठड्यात चिमटलीय? ह्युमिडिफायरची बाटली तिरकी बसून गळतेय? सिलिंडर संपला? सिलिंडर असेल तर राहिलेले लिटर भागिले मिनिटाचे लिटर हे गणित पेशंट हलवण्याआधी करायचं, लिफ्टमध्ये नाही. ओठ कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन लावू नकोस, पाण्याच्या आधाराचं जेल लाव. ऑक्सिजनपाशी तेलकट पदार्थ आणि आग यांचं नातं वाईट आहे. कानांमागे नळी घासते, तिथे रोज बघ.

मास्क काढून फेकणारा पेशंट ही रात्रपाळीची खास देणगी. उठतोय, चादर ओढतोय, सलाइन उपटतोय, नातेवाइकांवर ओरडतोय. आजूबाजूचे म्हणतात, सिस्टर, यांना झोपेचं काहीतरी द्या. फुफ्फुसाच्या पेशंटमधली नवी अस्वस्थता म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय किंवा कार्बन डायऑक्साइड वाढतोय, हे खोटं ठरेपर्यंत खरं धर. त्याला झोपेचं औषध दिलंस तर तो शांत होईल, तुझी रात्रही शांत जाईल, आणि सकाळी उठवायला जाशील तेव्हा उठणार नाही. आधी सॅच्युरेशन, श्वास, साखर, एबीजी. मूत्राशय तुंबलंय का तेही बघ, हे किती वेळा निघतं म्हणून सांगू.

औषधं, मशीन सोड, तुझ्या हातात डॉक्टरांच्या सहीशिवाय असलेला सगळ्यात मोठा इलाज म्हणजे बसवणं. आडव्या माणसाचं पोट पडद्याला वर ढकलतं. पलंगाचं डोकं ४५ अंशांवर केलं की आपलं काम झालं असं वाटतं, पण पंधरा मिनिटांत पेशंट घसरून खाली येतो, हनुवटी छातीला, कंबर नव्हे तर पाठ वाकलेली, पोट दाबलेलं. हे झोपण्यापेक्षा वाईट. पलंग जिथे वाकतो तिथे कंबर यायला हवी. दोघी मिळून वर ओढा, गुडघ्यांखाली छोटी उशी द्या, म्हणजे घसरत नाही. दोन्ही कोपरांखाली उशा दे. हातांचं वजन खांद्यांवरून उतरलं की श्वासाला केवढी मदत होते ते स्वतः करून बघ. फार धाप असेल तर पाय खाली सोडून बसव, पुढे जेवणाचं टेबल, त्यावर उशी, त्यावर डोकं आणि हात. पायाशी स्टूल. कितीतरी पेशंट रात्रभर असेच झोपतात आणि चांगले झोपतात.

एकाच बाजूचं फुफ्फुस खराब असेल तर मोठ्या माणसात चांगली बाजू खाली. रक्त खालच्या बाजूला जास्त जातं, ते चांगल्या फुफ्फुसात जावं म्हणून. अपवाद पाठ कर: खोकल्यातून खूप रक्त येत असेल तर रक्त येणारी बाजू खाली, नाहीतर चांगलं फुफ्फुस बुडेल. पूर्ण फुफ्फुस काढलं असेल तर सर्जनचं ऐक, बहुधा ऑपरेशनची बाजू खाली किंवा पाठीवर. व्हेंटिलेटरवरच्या तीव्र एआरडीएसमध्ये, म्हणजे दोन्ही फुफ्फुसं सुजून पाण्याने भरतात तेव्हा, पालथं झोपवणं दिवसाला किमान १६ तास, आणि त्याने जीव वाचतात हे २०१३ च्या मोठ्या चाचणीने दाखवलंय. ते काम पाच-सहा जणांचं, एकटीने करायचं नाही.

कफ. पाणी पुरेसं, हृदयाने किंवा किडनीने मनाई केली नसेल तर. पोटावर किंवा छातीवर टाके असतील तर त्यावर उशी घट्ट धरून खोकायला शिकव, आणि दुखण्याचं औषध त्याआधी अर्धा तास. जोरजोरात खोकून दमवण्यापेक्षा हफिंग: मध्यम श्वास घेऊन, तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरतो तसा "हाऽ" करत सोडायचा. दोन-तीन हफ, मग एक खोकला. दम सोडवायला ओठ मुडपून, शिट्टीच्या आकारात, सावकाश श्वास सोडणं. घ्यायला जेवढा वेळ त्याच्या दुप्पट सोडायला. पेशंटला समजावत बसू नकोस, समोर बसून स्वतः कर, तो आपोआप तुझ्या तालावर येतो. तपासणीला थुंकी पाठवताना सकाळची, तोंड धुऊन, खोलवरून आलेली. डब्यात लाळ असेल तर अहवालही लाळेचाच येणार. गुलाबी फेस दिसला तर नमुना राहू दे, डॉक्टरांना बोलाव, हृदयाकडून फुफ्फुसात पाणी भरतंय.

सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं, गरज असेल तेव्हाच. घड्याळ बघून दर दोन तासांनी करायची गोष्ट नाही ही. खुळखुळ ऐकू येते, व्हेंटिलेटरवर प्रेशर वाढलंय, सॅच्युरेशन पडतंय, तेव्हा कर. आधी अर्धा ते एक मिनिट पूर्ण ऑक्सिजन. सक्शनचं कॅथेटर श्वासनळीतल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको: ८ ची नळी असेल तर १२ फ्रेंच, कारण फ्रेंचला तीनने भागलं की मिलिमीटर. आत जाताना सक्शन बंद, बाहेर येताना चालू. आत घातल्यापासून बाहेर येईपर्यंत दहा-पंधरा सेकंद. तू स्वतः श्वास रोखून कर, म्हणजे कळेल पंधरा सेकंद किती लांब असतात. मॉनिटरवर नाडी मंदावली तर ताबडतोब थांब. सलाइनचे थेंब सरसकट टाकायची जुनी सवय सोडून दे.

ट्रॅकिओस्टॉमीच्या पेशंटच्या उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दोन जास्तीच्या नळ्या, अँब्यू बॅग आणि चालू असलेलं सक्शन. ड्यूटी घेताना हे डोळ्यांनी बघायचं, "आहे ना?" असं विचारायचं नाही. नळीभोवतीच्या फुग्याचं, म्हणजे इंग्रजीतल्या कफचं, प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाणी. व्हेंटिलेटरवर किंवा ट्रॅकिओस्टॉमीवर कोणाचंही सॅच्युरेशन धडाधड पडायला लागलं आणि कारण दिसत नाही, तर मशीनशी झटापट न करता पेशंटला मशीनपासून सोडव आणि अँब्यूने श्वास दे. सहज हवा जाऊन सुधारला तर दोष मशीनचा. हवा जात नसेल तर नळी सरकलीय, तुंबलीय किंवा छातीत हवा भरलीय.

फुफ्फुसाभोवतालची हवा किंवा पाणी काढायला छातीत घातलेल्या नळीचं एवढंच: बाटली कायम छातीच्या खाली, पाण्यातली नळी श्वासासोबत हलतेय का ते बघ, आणि हलवताना चिमटा लावू नकोस. हवा गळत असलेल्या पेशंटला चिमटा लावला तर ती हवा आत कोंडते. नळी सुटली तर टोक निर्जंतुक पाण्यात बुडव आणि ओरड.

नेब्युलायझर लावून निघून जायचं नसतं. बसवून, ६ ते ८ लिटरच्या प्रवाहावर, आणि सीओपीडीच्या पेशंटला शक्य तर हवेवर चालव, ऑक्सिजन नळीने वेगळा चालू ठेव. श्वासनळ्या मोकळ्या करणारं इप्राट्रोपियम असेल तर मास्क सैल नको, डोळ्यांत गेलं तर काचबिंदूवाल्यांना त्रास, माउथपीस बरा. त्याच कामाच्या साल्ब्युटामॉलनंतर हात थरथरले, छाती धडधडली तर पेशंट घाबरतो, आधीच सांगून ठेव. पोटॅशियमही खाली येतं. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ. आणि घरी सोडताना "पंप घेता येतो ना?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "घेऊन दाखवा" म्हण. फवाऱ्याचा पंप हलवून, हळू आणि खोल ओढून, दहा सेकंद धरून, शक्यतो स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून. कोरड्या पावडरचा मात्र जोरात ओढायचा. दोन्ही प्रकारचे पंप एकाच माणसाकडे असतील तर तो हमखास उलट करतो.

तोंडाची सफाई ही आयाची कामं म्हणून सोडून देऊ नकोस. दातांवरचे जंतूच सरकत फुफ्फुसात जातात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलाही ब्रश, डोकं ३० ते ४५ अंश. क्लोरहेक्झिडिनचा आग्रह आता मागे पडलाय, ब्रश टिकून आहे. धापलेल्या माणसाला भरवताना घास छोटा, घासामध्ये श्वास, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसलेला.

आता त्या फोनकडे येते. तू बहुधा असं म्हणालीस: "सर, पेशंट दम लागतोय म्हणतायत, सॅच्युरेशन ९५ आहे." पुढच्या वेळी असं म्हण: "सर, न्यूमोनियाचे ५८ वर्षांचे पेशंट, कालपासून २ लिटरवर. दहा वाजता श्वास २०, आता २८, पूर्ण मिनिट मोजलेत. एका दमात तीन शब्द बोलतायत. नाडी इतकी, बीपी इतकं, ताप इतका. सॅच्युरेशन ९५ आहे, पण ते थकतायत असं मला वाटतं. तुम्ही येऊन बघा. तोवर एबीजीची तयारी करू का?" "येऊन बघा" हे शब्द तोंडातून निघायला हवेत. ते "लक्ष ठेवा" म्हणाले तर विचार, "किती श्वासांवर पुन्हा फोन करू?" आकडा मिळवल्याशिवाय फोन ठेवू नकोस. आले नाहीत तर त्यांच्या वरच्यांना फोन कर, आणि वेळ घालून लिहून ठेव. यात उद्धटपणा नाही. रात्री तीन वाजता पेशंटपाशी तू असतेस, ते नसतात.

धाप लागलेला माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरला की आणखी भराभर श्वास घेतो. "घाबरू नका" म्हणून कोणी घाबरायचं थांबलंय का? दाराकडे तोंड करून बसव, म्हणजे येणारं-जाणारं दिसतं. घंटी हातात दे, भिंतीवर नको. छोटा पंखा चेहऱ्यावर, गाल आणि नाकाच्या आसपास धर. वाऱ्याने दमाची जाणीव खरंच कमी होते, तो नुसता दिलासा नाही. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाचा संशय असेल तिथे मात्र पंखा नको. प्रश्न हो-नाहीचे विचार, त्याचे शब्द खर्च करू नकोस. आणि जाताना "येतेच" म्हणू नकोस, "दहा मिनिटांनी येते" म्हण आणि दहाव्या मिनिटाला जा.

तुझे पेशंट अजून आयसीयूत असतील तर ड्यूटी संपल्यावर एकदा जाऊन ये. नळी असली तर बोलता येणार नाही, म्हणून कागद आणि जाड पेन घेऊन जा. शुद्धीवर असतील तर विचार, त्या रात्री दोन वाजता नेमकं कसं वाटत होतं. जे लिहितील ते जपून ठेव, आणि पुढचा कोणी "दम लागतोय" म्हणेल तेव्हा घड्याळ हातात घे.